मागच्या पडवीतले एकवीस दिवस

आषाढातल्या एका मंगळवारी माझी बायको वारली.

आमच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. मूल नव्हतं, त्यामुळे तिच्या कुशीची चर्चा महाल वस्तीतल्या आमच्या गल्लीत उघडपणे चाले. पण दर महिन्याला ती चार दिवस मागच्या पडवीत बसे, तेव्हा नवऱ्यानं तिकडे फिरकायचंही नसे.

त्या खेपेला चाराचे अकरा दिवस झाले. खिडकीतून ती दिसली. भिंतीला टेकली होती, तोंड पांढरं पडलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलं, "ती अजून बाहेरच कशी? डॉक्टरीणबाईंना बोलावू का?"

चुलीपाशी बसलेली आत्या म्हणाली, "काहून गा, बायकोबिगर दम निघून नाही राहिला का तुले?"

आई पदराआड हसली. माझे कान तापले. मी तसाच वाचनालयात गेलो, पानं उलटत राहिलो, एक ओळही डोक्यात शिरली नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

एकविसाव्या दिवशी ती पडवीत कोसळली. टांग्यातून दवाखान्यात नेलं, पण रक्त फार गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इतके दिवस तुम्ही कुठे होता?"

मी घरातच होतो.

आता घरात आई, आत्या आणि मी आहोत. आम्ही तिच्याविषयी बोलत नाही.