फुलांच्या वासाचा शिरका

“थू! एर्मेस, हिकडं ये. ह्यो चमचा जिभेवर धर आन् सांग मला, ह्यो शिरका हाय का न्हानीतलं पानी?”

नीवेसबाई माळ्यावरून वाटी घेऊन अंगणात उतरली होती. लेकानं चमचा चाटला, डोळे बारीक केले.

“जरा फुलांवानी लागतंय, आई.”

“फुलांवानी! मढ्यावरच्या फुलांवानी!” ती मोरीपाशी जाऊन पुन्हा थुंकली.

मी शेजारीण, त्यांच्या कढईतला द्राक्षाचा रस ढवळत होते. मीही बोट बुडवून चाटलं. जिभेवर साबणाची वडी फिरवल्यागत झालं. 

इकडं इटलीत, आमच्या मोदेनात मुलगी जन्मली की बाप तिच्या नावानं माळ्यावर द्राक्षाच्या शिरक्यासाठी लाकडी पिपांची रांग मांडतो; शिरका मुरायला वर्षानुवर्षं लागतात. नीवेसच्या बापानंही मांडली. थोरलं पीप खिडकीशी, मग उतरत उतरत शेवटचं, कडेवर बसेल एवढं. दर हिवाळ्यात धाकट्यातनं थोडा शिरका काढायचा, त्याची तूट शेजारच्या पिपातनं भरायची, आणि थोरल्यात आटवलेला नवा रस. तोंडाला बूच नाही, नुसतं फडकं. पिपाला श्वास लागतो. नीवेसनं नवरा पुरला, लोकांच्या घरी सारण भरलेल्या इवल्या तोर्तेल्लीनी वळून बोटं वाकडी करून घेतली, पण ही रांग विकली नाही. वसंतात नात आल्माचं लग्न. रांग तिची व्हायची होती.

आणि या एर्मेसनं उन्हाळ्यात माळ्यावर फळ्यांचा आडोसा घालून पाहुण्यांना भाड्यानं द्यायला खोली काढली. कथेड्रलची दगडी शिल्पं बघायला आलेली माणसं तिथं झोपायची.

“त्यास्नी आंबट वास यायचा म्हनं,” एर्मेस पुटपुटला. “म्हनून भितीला ते सुगंधाचं यंत्र लावलं. घटकंघटकंला फुस्स करतंय.”

“शिरक्याच्या माळ्यावर आंबट न्हाई तर काय येनार, मुडद्या? पीप समदा उन्हाळा तुझं फुस्स पीत बसलं!”

ती वर गेली, एकेका पिपावर नाक घालून आली. थोरली वाचली होती. फळ्यांकडची शेवटची दोन गेली होती, म्हणजे नेमका सगळ्यात जुना, मधागत घट्ट झालेला माल.

“आई, बाटल्या भरू की,” एर्मेस हळूच म्हणाला. “पावन्यास्नी काय कळतंय? उलट आवडंल त्यास्नी.”

नीवेसनं त्याच्याकडं असं बघितलं, जणू तो चपलेला चिकटलेलं काहीतरी होता.

“आन् बाटलीवर नाव कुनाचं? माझ्या बापाचं?”

बोलता बोलता तिनं त्यालाच दोन्ही पिपं खाली आणायला लावली आणि मोरीत उपडी केली. काळा, चकाकता शिरका गटारात गेला. गटाराला न्हाव्याच्या दुकानाचा वास सुटला. 

“पिपं कढईखाली जाळू?” एर्मेसनं विचारलं.

“नव्या रसाला बी धूर दे त्येचा! डोस्क्यात काय भुस्सा हाय? कचऱ्यात टाक. आन् आल्माला तूच सांग, धाकटी दोन नवी घ्यावी लागतील, ती रिकामीच मिळतील. म्हातारी झाल्यावर चाखंल म्हनावं. आधी ते यंत्र भितीवरनं काढ.”

तिनं वाटी घासली, दोनदा हुंगली, तिसऱ्यांदा घासली. मग माझ्याकडं आली.

“दे तो झारा. तळाला लागतंय बघ.”

आणि ती ढवळायला लागली.