वक्राच्या आतला रविवार

अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात हरिहर सर अर्थशास्त्र शिकवतात. येत्या मे महिन्यात निवृत्त होतील. उत्पादन शक्यता वक्र ते फळ्यावर एका दमात काढतात, आणि त्याचा फुगवटा असा काही येतो की मुलं त्याला 'सरांची ढेरी' म्हणतात. सरांना ढेरी नाही. पुस्तकात एका अक्षावर यंत्रं आणि दुसऱ्यावर गहू असतो. सरांनी तिथं कापूस आणि तूर आणली. जमीन तेवढीच, माणसं तेवढीच. तूर वाढवायची तर काही कापूस सोडावा लागतो. जे सोडलं, तो संधी खर्च.

"सर, आमी तं पराटीतच तूर पेरतो," मागच्या बाकावरून खुशी म्हणाली. "दोन्ही निघते."

"तुरीच्या ओळीत कापूस उभा असतो का?"

"नाई."

"मग झालं."

पुढचा प्रश्न शिवमचा. "सर, तुमी रविवारी फुकट शिकवता. तुमचा संधी खर्च किती?"

"शून्य," सर म्हणाले. वर्ग हसला. सरांनी विनोद केला नव्हता. लग्न राहून गेलेलं. अकोल्याच्या जुन्या शहरातलं घर आई गेल्यावर भावानं विकलं. रविवारी दुसरं काही करण्यासारखं नसे, म्हणून ते कच्च्या मुलांचा वर्ग घेत. व्याख्येप्रमाणे उत्तर बरोबर होतं.

फक्त जानेवारीतल्या एका रविवारी ते चुकायचं, आणि हे एकट्या सरांना ठाऊक होतं. इतिहास शिकवणाऱ्या पंजाबरावांचं भातकुलीला वावर आहे. तिथं ते कडेला वाणीच्या ज्वारीच्या चार ओळी पेरतात, केवळ हुरड्यासाठी. शिक्षकखोली सगळी त्या रविवारी कणसं भाजायच्या आगटीभोवती असते. बोलावणं पंजाबराव प्रत्येकाच्या खुर्चीपाशी जाऊन देतात. मोबाइलवरच्या बोलावण्याला ते नोटीस म्हणतात. दर वर्षी सर सांगत, "वर्ग आहे हो." मग सोमवारी कोणाच्या मिशीला झळ लागली, कोणी चटणी खाऊन नाचलं, असं सगळं बोलणं चाले, आणि सर उत्तरपत्रिका तपासत ते ऐकत. त्या दिवशी गुण जरा सढळ पडत.

यंदा शेवटची संधी होती. पुढच्या जानेवारीत पंजाबराव खुर्चीपाशी येतील तेव्हा खुर्चीत दुसरं कोणी असेल. यंदा जायचंच, असं सरांनी ठरवलं. हुरड्याचा रविवार कोणता हे कानावर येताच त्यांनी मुलांना सांगून टाकलं, "या रविवारी वर्ग नाही." मुलांनी कारण विचारण्यात वेळ घालवला नाही. शिक्षकखोलीत मात्र सर एक शब्द बोलले नाहीत. त्यांचे आजोबा भिक्षुकी करत. त्या घरातलं कोणी आमंत्रणाशिवाय पाटावर बसलेलं नव्हतं. आधी बोलावणं यायचं, मग होकार द्यायचा.

शुक्रवारी पंजाबराव खुर्च्यांमधून फिरू लागले. सरांनी पेनाला टोपण लावलं. पंजाबराव जवळ आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय सर, पोर्शन झाला काय?" आणि पुढच्या खुर्चीकडे गेले.

विसरले असतील, म्हणून शनिवारी सर सगळे जाईपर्यंत थांबले. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, फोन जवळ घेऊन बसले. दुपारी शर्ट परत हँगरला लावला. मळला नव्हता.

सोमवारी पंजाबरावांनी त्यांच्या टेबलावर एक पिशवी ठेवली. आत गार झालेला हुरडा, गुळाचा खडा, लसणाची चटणी.

"तुमच्यासाठी येगळा काढला होता, सर. दर साली तुमाले नाई म्हनाले लावतो, मलेच कसंतरी वाटते. रविवारी तं तुमचा वर्ग असते. म्हनून औंदा इचारलंच नाई. बरं केलं ना?"

"बरं केलं."

"कितीक पोट्टे आले होते काल?"

"नेहमीसारखेच," सर म्हणाले.

पंजाबराव वळले तसं सरांनी टोपण काढलं, पुन्हा लावलं. "येत्या रविवारी... असेल का पुन्हा?"

"आता कायचा हुरडा! दाना टणक होऊन राहिला. आता भाकरच." पंजाबराव हसले. "काहून, कोनी पावना येऊन राहिला काय तुमच्याकडे?"

"नाही, सहज."

तासाला सरांनी वक्र काढला आणि त्याच्या आत, पोकळीत, एक ठिपका दिला. म्हणाले, "इथं जमीन आहे, माणसं आहेत, सगळं आहे. पण वापरात नाही. म्हणून पुरेसा कापूसही नाही आणि पुरेशी तूरही नाही."

"सर, असं कोन करते?" शिवम म्हणाला. "एक तं घ्या ना कायतरी!"

सरांनी ठिपका गिरवला. खडू तुटला.

"एका मार्काला येतो हा प्रश्न," ते म्हणाले. "लिहून घ्या. आणि येत्या रविवारी वर्ग आहे."