गोळ्या संपायच्या आधी

सकाळी शाळेत निघायच्या गडबडीत होते, तर दारात पद्मा उभी. तोंडाला पदर, डोळे सुजलेले. विणकरांच्या वस्तीत राहणारी, घरी बसून विड्या वळणारी ही पोरगी माझ्याकडे आधी एकदाच आली होती, तीही शैलाबरोबर. "टीचर, शैलक्का पोयिंदी…" एवढंच म्हणाली. पोयिंदी म्हणजे गेली, सोलापुरात आयुष्य काढल्यावर एवढं तेलुगू कुणालाही कळतं. तरी मी वेड्यासारखं विचारलं, "कुठं गेली?"

शैला माझी कॉलेजातली मैत्रीण. होटगीची, वडील रेल्वेत, सकाळच्या पॅसेंजरने यायची. दुसऱ्या वर्षी ती मधेच दिसेनाशी झाली आणि परतली ती निम्मी होऊन. कॅन्टीनमध्ये मी सवयीने तिच्या कपातला चहा बशीत ओतून घ्यायला गेले, तर तिने कप मागे ओढला. "टीबी झालता मला. आता बरी हाय. पण आधी सांगते, मग तू ठरव." आजार गेला, पण एक फुप्फुस कायमचं दुबळं करून गेला. जिना चढताना ती मधेच थांबायची आणि भिंतीवरच्या जाहिराती वाचल्याचं नाटक करायची… पुढे महादेवराव तिला बघायला आले, तेव्हा आई डोळे वटारत असतानाच तिने हे सगळं त्यांना सांगून टाकलं. महादेवराव म्हणाले, "माझंबी इंजिन काय नवं नाय." लग्न ठरलं.

टीबीचं काम करणाऱ्या एका संस्थेत ती लागली, आणि परदेशी मदतीतून ते छोटं एक्स-रे मशीन आलं तेव्हा घरात बाळ आल्यासारखी हरखली. खांद्याला अडकवून नेण्याएवढं मशीन. देवळाच्या पडवीत, कारखान्याच्या फाटकात, कुठंही माणूस उभा करायचा, फोटो काढायचा. छातीत संशयाची जागा असली की संगणक तिथल्या तिथे ती लाल करून दाखवायचा. दुधनीकडच्या बायका घाबरायच्या, तर ही कानडीत "बर्री अक्का, नोवागल्ला", या, दुखत नाही, म्हणत आधी स्वतः मशीनसमोर उभी राहायची. पद्मा तशीच सापडली. तिला खोकला नव्हताच, नुसता थकवा. सासू भांडायला उठली, "खोकला नाय, मग टीबी कसला?" पण पुढच्या तपासणीत निघाला तो नेहमीच्या औषधांना न जुमानणारा टीबी. इंजेक्शनं नकोत, काही महिन्यांतच संपणारा नव्या गोळ्यांचा कोर्स सुरू झाला. त्या गोळ्याही त्याच मदतीतून यायच्या.

आणि मदत थांबली. तिकडे दूर देशात कुणीतरी काहीतरी ठरवलं आणि इकडे चार ओळींचा मेल आला. मशीन खोलीत बंद झालं, माणसं घरी बसली. शैला माझ्या स्वयंपाकघरात आली, पाटावर बसली आणि म्हणाली, "गोळ्या मधेच तुटल्या की जंतू शहाणे होतात गं. मग हे औषधबी चालत न्हाय. पद्माला मी काय सांगू?" पद्माची औषधाची पट्टी रोज थोडी रिकामी होत होती. सरकारी साठ्यातून तिला गोळ्या मिळू शकत होत्या, पण त्यासाठी कागद इथून पुण्याला, पुण्याहून परत. दवाखान्यातली माणसंही हवालदिल होती. पद्मासारखे आणखी कितीतरी जण दारात येऊन उभे होते. शैला रोज जायची. फोन लागला नाही की तिची बोटं ओट्यावर ताल धरायची, आणि तो ताल थांबला की मलाच भीती वाटायची.

शेवटी आम्ही दोघी पुण्याला गेलो. मे महिना, ऊन मी म्हणत होतं. स्टेशनच्या पुलावर शैला कठडा धरून उभी राहिली. या वेळी समोर जाहिरात नव्हती. ओठ निळसर पडलेले. मी म्हटलं, "शैला, आधी तुला दाखवू." तर म्हणाली, "पद्माच्या गोळ्या येऊ देत की. मग तू म्हणशील तितं येते."

गोळ्या आल्या. पद्माच्या घरी शेवटचीच उरली होती तेव्हा. ते पाकीट तिच्या हातात देऊन शैला घरी आली ती तापाने फणफणलेलीच. न्यूमोनिया. जुन्या, दुबळ्या फुप्फुसात आता झेपायची ताकद नव्हती. दवाखान्यात मी तिला शेवटचं भेटले. ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारत ती म्हणाली, "पद्माच्या पोरीचा फोटो काढायचा राहिला… मशीन त्या गल्लीत जाणार होतं." मी म्हटलं, मी नेते. तिने मान हलवली, पण डोळ्यांतली काळजी हटली नाही.

पद्माच्या मुलीला मी सरकारी दवाखान्यात नेऊन आणलं. ती ठीक आहे. पद्माचाही कोर्स पुरा झाला, तिच्या गालांवर मांस चढतंय. पण त्यांची ती गल्ली तशीच, तपासणीविना आहे. बिनखोकल्याचे किती जण तिथे आत्ता यंत्रमागावर उभे असतील, कोण जाणे.

परवा महादेवरावांकडे गेले होते. चहा होतो न होतो तोच फळीवरचा फोन वाजला. शैलाचा. त्यांनी तो मोठ्या आवाजावर केला. दुधनीचा कुणी माणूस होता. "अक्का, मशीन यावाग बर्तद री?" मशीन कधी येणार, विचारत होता. अक्का गेल्या, हे त्याला ठाऊक नव्हतं. मागे कुणीतरी खोकत होतं, थांबून थांबून. आजवर बायकोच्या कामात कधी न पडलेले महादेवराव घसा खाकरून म्हणाले, "मशीन न्हाय आता. तुमी पेशंटला घेऊन उद्या सकाळच्या गाडीनं सोलापूरला या. मी स्टेशनवर थांबतो, दवाखान्यात घेऊन जातो. याच की, नक्की या." पलीकडून "हूं हूं" आलं. त्याला मराठी कळलं की नाही, समजलं नाही.

त्यांनी फोन परत चार्जिंगला लावला. वायर नीट बसली का, हे दोनदा दाबून पाहिलं. "ह्यो बंद पडला तर लोकं कुणाला इचारतील?" म्हणाले.