एकशेवीस फेरे आणि चार फर्लांग

शेलूबाजारहून दोन कोसांवरच्या आमच्या गावात पोहता न येणारा माणूस शोधून काढावा लागतो. पण आपल्याला किती पोहता येतं हे खरं सांगणारा माणूस शोधूनही सापडत नाही. देवमन खिल्लारे अडचणीत आला तो याच गावगुणामुळे.

देवमन तलावाचा चौकीदार. बहात्तरच्या दुष्काळात सरकारने हा तलाव काढला, तेव्हा त्याने आणि त्याची बायको गंगू हिने याच भिंतीवर माती टाकली होती. तलाव झाला, पाणी साचलं, मुकादम गेला, मजूर पांगले. देवमन तेवढा भिंतीवर उरला. हातात काठी, अंगात खाकी सदरा आणि नावापुढे ‘रोजंदारी’. चार वर्षं झाली तरी तो शब्द काही नावापुढून हलेना. शहात्तरच्या उन्हाळ्यात चौकीदाराची जागा कायम होणार असं कळलं आणि देवमनने अर्ज केला. अर्जात ‘पोहता येते काय’ असा रकाना होता. त्यात त्याने ‘लई’ असं लिहिलं.

आषाढात तलावावरचे साहेब जीपने आले. अर्ज त्यांच्या हातातच होता.

“लई म्हणजे किती?”

“लहानपनापासून पोहतो, साहेब.”

“वर्षं नाही विचारली, अंतर विचारलं. या भिंतीवरून समोरच्या तांड्यापर्यंत जाल?”

देवमनने तिकडे वळूनही पाहिलं नाही. “त्यात काय हाय, साहेब!”

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. “भादव्यात तलाव भरला की येतो. कुठे न थांबता, कशाला हात न लावता पल्याड गेलात तर शिफारस करतो. नाही तर मंगरूळचा एक माणूस तयार आहे.”

जीप गेली. धूळ बसली. मग देवमनने समोर पाहिलं. तलाव भरला की भिंतीपासून तांड्यापर्यंत चार फर्लांग पाणी. तिथली माणसं इथून ज्वारीच्या दाण्याएवढी दिसतात.

“असं कसं हो म्हनलं तुमी?” गंगूने विचारलं.

“तोंडातून निंघून गेलं.”

“मंग आता हातापायानं जा.”

तेवढ्यावर संसाराचा निर्णय झाला. आता सराव. तलाव दारात होता, पण त्यात उतरायची सोय नव्हती. मागच्या साली एक म्हैस बुडाल्यापासून तलावावर ‘पाण्यात उतरण्यास सक्त मनाई’ अशी पाटी होती. ती देवमननेच ठोकलेली, आणि उतरणाऱ्याला धरायचं कामही देवमनचंच. तो पाण्यात शिरला असता तर त्याला धरणार कोण, हा प्रश्न त्याने दोन दिवस प्रामाणिकपणे घोळवला आणि सोडून दिला. चुलतभाऊ माणिकरावच्या संत्र्याच्या मळ्यात पंचवीस फूट रुंदीची बांधीव विहीर होती. देवमनने लंगोट कसला आणि तिकडे गेला.

विहिरीत किती पोहलं म्हणजे तलाव पार होतो, यावर गावात महिनाभर जी चर्चा झाली तेवढी आणीबाणीवरही झाली नव्हती. अर्थात तिच्यावर मोठ्याने बोलायचीच सोय नव्हती. शाळेतले शेषराव मास्तर गणित मांडून मोकळे झाले. भिंतीपासून दोन फूट आतून धरला तर विहिरीचा एक फेरा सहासष्ट फूट. चार फर्लांग म्हणजे दोन हजार सहाशे चाळीस फूट. भागा. चाळीस फेरे.

“चाळीस फेरे मारले की तांडा,” मास्तर म्हणाले आणि हातावरचा खडू झटकला.

“मास्तर, तुमी कधी पान्यात उतरले काय?” हे म्हातारे दौलतराव. जवानीत त्यांनी अडाण नदी पुरात पार केली होती. त्या पराक्रमाचा साक्षीदार एकही हयात नव्हता, त्यामुळे त्याला आव्हानही नव्हतं.

“गणिताला उतरावं लागत नाही,” मास्तर म्हणाले.

“इहिरीत पोट्टं दमलं का पायरी धरते. दर फेऱ्याले भितीले लाथ मारून पुढं सरकते. तलावात भित कोन आनून देईन, तुमी? चाळीसचे शंभर करा.”

“मी एकशेवीस करतो,” देवमन म्हणाला. शंभर पुरे होते, वर वीस वाढवायची काही गरज नव्हती. पण ‘लई’ लिहिणाऱ्या माणसाचा हात आखडत नाही.

पहिल्या दिवशी नवव्या फेऱ्याला त्याने पायरी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. आठवड्याने पंचवीस झाले. श्रावणात साठ. रोज सकाळी गंगू काठावर बसे, एका फेऱ्याला एक चिंचोका डावीकडून उजवीकडे सरकवी आणि मधून मधून वरून प्रोत्साहन देई.

“हात उचला! चिखल मळून राह्यले काय?”

पावसाळी विहिरीत पाला तरंगतो, शेवाळ डोळ्यांत जातं. देवमन मान पाण्यात घालून, डोळे मिटून पोही. डाव्या हाताची बोटं दगडांना लागत, त्यावरून वाट कळे. कानात पाणी जाऊन ठणका लागला, म्हणून गंगूने तेलाचे बोळे बसवून दिले. अशा रीतीने न पाहता, न ऐकता तो गोल फिरत राहिला आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी एकशेविसावा चिंचोका उजवीकडे गेला. दौलतरावांनी खांद्यावर थाप मारली. “आता तुले तलाव म्हंजे डबकं.”

भादव्यात साहेब आले. भिंतीवर अर्धं गाव आलं. देवमनने सर्वांना जयभीम घातला आणि पाण्यात उतरला. तांड्यावरचा रूपला म्हशी पोहवण्यात तरबेज. त्याला फुगवलेली ट्यूब देऊन पल्याडच्या काठाला उभं केलं होतं, जवळ आला की सोबत यायला.

काय सुरेख पोहला! हात लांब, श्वास संथ, पाय बरोबर. शंभर हातांवर वाऱ्याची लाट तोंडावर आली, तशी त्याने सवयीप्रमाणे मान खाली घातली आणि डोळे मिटले. त्यानंतर तो हळूहळू उजवीकडे वळू लागला.

“देवमन्या, सीधा! सीधा जाय ना बे!” भिंतीवरून ओरडा झाला. पण कानात बोळे. तलावाच्या मध्यावर त्याने डौलदार वळण घेतलं आणि गावाकडे तोंड केलं. पाऊण तासाने त्याच्या हाताला दगड लागले. तो वर चढला, दोन्ही हात आभाळात फेकले आणि समोर पाहिलं. समोर गंगू.

“तू अठी कशी पोचली?”

“मी अठीच हावो. तुमीच आले फिरून.”

भिंतीवरचा माणूस न माणूस पोट धरून बसला. मास्तर म्हणाले, “अंतर मात्र बरोबर भरलं.” साहेबांनी तोंड फिरवून बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, “दम आहे. दिशा नाही. एक महिना देतो. त्यानंतर कागद वर जाईल, मग माझ्या हातात काही नाही.”

“तलावात सराव करू द्या, साहेब. पन पाटी हाय.”

साहेबांनी डायरीचं पान फाडून परवानगी लिहून दिली. महिनाभर देवमन ते पान चौकीतल्या खिळ्याला टांगून पाण्यात उतरे. उतरण्याआधी एकदा वाचून घेई. चौकीदार कडक होता.

माणसं हसतच होती. देवमन हसला नाही, चिडलाही नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने गंगूला विचारलं, “वरून तुले काय दिसत होतं?”

“खळ्यावरचा बैल. एकाच अंगानं दोन महिने फिरले तुमी. बैलाले मेढीपासून सोडलं तरी तो थोडा येळ गोलच जाते.”

दौलतरावांनी हे ऐकलं आणि अडाण नदीचा पूर आठवून सल्ला बदलला. “इहिरीनं दम येते, तलावानं अक्कल येते. दोन दिवस इहीर, चार दिवस तलाव, एक दिवस झोप.”

विहिरीत त्याने उलटे फेरे धरले. उजवा हात भिंतीला. पहिले चार दिवस कोपर सोलून निघालं, कारण अंग जुन्याच बाजूला ओढ घेई. पण एकशेवीसचा दम वाया गेला नव्हता. फक्त तो कुठे न्यायचा ते शिकायचं होतं. तलावात त्याने बोळे काढले, डोळे उघडे ठेवले आणि दर वीस हातांनी मान वर करून तांड्यावरचा एकटा पळस पाहायची सवय लावली. आधी एक फर्लांग जाऊन परत. मग दोन. तलावात धरायला पायरी नाही, म्हणून दमला की उताणा पडून राही. पहिल्यांदा असा पडला तेव्हा गंगूने काठावर बोंब ठोकली. दुसऱ्यांदा तिने भाकरीचा घास मोडला.

आश्विनात साहेब आले त्या दिवशी वारा आडवा होता. गर्दी पहिल्यापेक्षा जास्त. लोकांना पुन्हा वळण पाहायचं होतं. देवमन उतरला. वीस हात, मान वर, पळस. वीस हात, मान वर, पळस. वारा त्याला डावीकडे ढकली, तो पळसाच्या उजवीकडे रोख धरी. दोन फर्लांग झाले. लोक थोडे निराश झाले.

तिसऱ्या फर्लांगात पोटरीत गोळा आला. देवमन उताणा झाला. पल्याडहून निघालेला रूपला ट्यूब ढकलत जवळ पोचला.

“धर ना गा!”

“हात लावशीन तं खबरदार!”

“अबे, मरून जाशीन!”

“मंग मेल्यावर धरजो. आता दूर हो.”

“तुही बायको मले इचारीन ना!”

“तिलेच इचार. ते बी नाईच म्हनन.”

रूपलाने ट्यूब वीतभर मागे घेतली. देवमनने पाण्यातच पाय ताणला, अंगठा धरून ओढला, दात खाल्ले. बऱ्याच वेळाने गोळा सुटला. मग पालथा झाला आणि त्या एका पायाला न दुखवता, नुसत्या हातांवर निघाला. वीस हातांचे दहा झाले, दहाचे पाच. दर पाच हातांना पळस थोडा मोठा होई, एवढाच आधार. शेवटी गुडघा चिखलाला लागला.

तांड्यावरची गोमतीबाई धाबळी घेऊन धावत आली. “निंघ बाप्पा भाईर! ओठ निळे पडले तुहे!”

देवमन उठला. एक पाय काठावर ठेवला, दुसरा घोटाभर पाण्यातच ठेवला आणि तिथेच उभा राहिला.

“आता काय झालं?” रूपलाने विचारलं.

“तुह्या म्हशी पान्यात हायेत. एवढ्या दुरून साहेबाले डोकं माहं दिसलं का म्हशीचं, काय भरोसा? उद्या कोनी म्हनन, सडकेनं आला. साहेब पाहीन तवाच हा पाय निंघन.”

भिंतीवरून तांड्यावर यायला जीपला तीन कोसांचा फेरा. वाटेत नाला. पाऊण तास झाला. देवमनचे दात वाजत होते. गोमतीबाईने धाबळी अंगावर टाकली, चहा हातात दिला. चहा त्याने घेतला, पाय काढला नाही. तांड्यातल्या बायांनी समजावलं, म्हाताऱ्यांनी शिव्या घातल्या. एक म्हैस येऊन त्याला हुंगून गेली.

अखेर जीप आली. मागच्या बाजूने गंगू उतरली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग पाण्यातल्या पायाकडे पाहिलं. साहेब चिखल तुडवत काठापर्यंत आले.

“पाहिलं मी, देवमन. भिंतीवरून सगळं पाहिलं. निघा आता बाहेर.”

देवमनने जयभीम घातला.

“पयले लिवा, साहेब. मंग निंघतो.”

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर वही ठेवली आणि पेनाचं टोपण काढलं.