शुगर म्हणजे आजार न्हाय, असं म्हणत आफ्रिकेला निघालेल्यांसाठी

“डायबेटिक फूट,” नैरोबीच्या सर्जन बाई अण्णांच्या पायाची पट्टी सोडत म्हणाल्या. म्हणजे शुगरनं बधिर झालेल्या पायात शिरलेला जंतुसंसर्ग. अंगठा काळा पडला होता, सूज घोट्याच्या वर चढली होती. “आजच उघडून साफ करायला हवं. थांबलो तर पाय वाचेल असं मी सांगू शकत नाही.”

आणि विम्याच्या हेल्पलाइनवरून उत्तर आलं: पूर्वीचा आजार लपवला आहे, खर्चाची हमी देता येत नाही.

लपवला!

अण्णा म्हणजे माझे वडील. ईट या आमच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. जन्मभर गायीम्हशींचे खूर तपासले. रानम्हशींचे कळप एकदा डोळ्यांनी बघायचे, एवढ्यासाठी केनियाची सफारी आणि सफारीसाठी नवे बूट. बूट चावला, फोड आला, फुटला, चिघळला. त्यांना कळलंच नाही. याला न्यूरोपॅथी म्हणतात, म्हणजे शुगरनं नसा मारलेल्या, दुखणं जाणवतच नाही. कॅम्पवर हुडहुडी भरली तेव्हा मी मोजा काढला. वासानंच कळलं, पाय सडायला लागलाय.

विमा काढला तो आमच्या ओसरीवर. एजंट सुभाषकाका, शेजारचेच.

“अण्णा, काय आजारबिजार?”

“छ्या! ठणठणीत हाय की.”

“व्हय, दिसतंयच. लिवतो मग, काय न्हाय.”

तेवढ्यात आईनं चहा आणला. “हा तुमचा फिक्का,” म्हणत काकांनीच बिनसाखरेचा कप अण्णांपुढं सरकवला. अण्णांची रोजची गोळी सगळ्या गल्लीला ठाऊक! अण्णा खोटं बोलले नव्हते. आमच्याकडं आजारी म्हणजे अंथरुणाला खिळलेला. गोळी घेऊन जो हिंडतो-फिरतो, तो ठणठणीत. शुगर आहे हे माणूस चष्मा लागल्यासारखं सांगतो.

हे काकांना माहीत नव्हतं? कंपनीला माहीत नव्हतं? माहितीपत्रकावर आयाळवाला सिंह छापायला जागा आहे. “रोज कोणती गोळी घेता?” एवढं मराठीत विचारायला नाही? आम्ही ‘नाही’ म्हणायचं, हप्ता भरायचा, आणि पाय सडायला लागला की तेच ‘नाही’ आमच्या तोंडावर मारायचं. याला गैरसमज म्हणत नाहीत. हा धंदा आहे.

दवाखान्याचा काउंटरवाला हमी मागत होता, कंपनी देत नव्हती, मी मधे बाकावर बसून दोघांशी भांडत होते. सर्जन बाई बाहेर आल्या, ऐकलं आणि काउंटरवाल्याला म्हणाल्या, “तुमचं उद्या बघता येईल. हा पाय उद्यापर्यंत थांबणार नाही.” मग मला म्हणाल्या, “सही करा.”

डिब्राइडमेंट झालं, म्हणजे सडलेलं मांस कापून काढलं. अंगठा गेला. पाय राहिला. खर्च भावानं ठेव मोडून भागवला. कंपनीनं आजतागायत काही दिलेलं नाही. त्या बाईंचे उपकार मात्र आमचं घर विसरणार नाही.

तुम्ही निघणार असाल तर पूर्वीचे आजार धरलेलीच पॉलिसी मागा. त्याच आजारानं जिवावर बेतलं तर खर्च मिळतो का, जंगलातून विमानानं कोण हलवणार, हे लेखी घ्या. स्वस्त म्हणून भुलू नका.

घरी आल्यावर काका केळी घेऊन आले. पायाकडं बघेनात.

“नशीब म्हणायचं अण्णा, अंगठ्यावर निभावलं.”

“नशीब कसलं काका? तुम्हाला सगळं ठाऊक होतं!”

अण्णांनी मला अडवलं नाही. फक्त विचारलं, “सुभाष, पलीकडच्या वाशी गावचे गुरुजी जाणार हायत न्हवं सफारीला? त्यांचा विमा?”

“झालाच समजा. त्यांना काय आजार न्हाय.”

अण्णांनी काठी घेतली. “सुभाष, गाडी काढ. फॉर्म संगं घे.”

आम्ही तिघं वाशीला पोचलो. आजारांचं विचारताच गुरुजी दारातच हसले. “आमाला काय धाड भरलीय?”

अण्णांनी मोजा काढला. गुरुजींच्या पत्नींनी तो पाय पाहिला, आत गेल्या आणि गोळ्यांची पिशवी आणून खाटेवर उपडी केली.

“ह्या बीपीच्या. ह्या माज्या थायरॉइडच्या. आन् ह्या, ह्यांच्या बायपासपासून चालू हायत त्या.”

“बायपास?” मी ओरडलेच.

“त्याला लई वर्सं झाली की,” गुरुजी म्हणाले. “आता बरा हाय म्या.”

अण्णा खाटेवर टेकले. “सुभाष,” ते म्हणाले, “लिव.”