मंत्र नव्हे, मंत्रसानी

माझ्या माहेरची देवी गावाच्या वेशीवर बसते आणि वेशीपलीकडचं तिला काही दिसत नाही, असं मी तेव्हा खरंच मानत होते. नवऱ्यामागे गोदावरी ओलांडून बल्लारपूरच्या कोळसा खाणीच्या चाळीत राहायला आले, मला दिवस गेले, आणि या विचारानं माझी झोपच उडाली. इथं माझं कुणी नव्हतं. तेलुगूखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. मेले तर कोणत्या देवाला कळणार?

चैत्रात भर दुपारी कळा सुरू झाल्या तेव्हा नवरा खाणीत उतरलेला होता. शेजारच्या सखूबाईनं दाईला बोलावून आणलं, पण ती दारातूनच परतली. "कुठची, कोन जातीची, काई मालूम नाई. मेली त माह्यावर येईल," असं ती म्हणाल्याचं मला फार नंतर कळलं. मी आपली "मंत्रसानी, मंत्रसानी" म्हणून ओरडत होते. तेलुगूत सुईणीला मंत्रसानी म्हणतात. सखूबाईला त्यातला मंत्र तेवढा ऐकू आला. "बाई मंतर मागून राह्यली," म्हणत ती माउली धावली ती थेट मंतर घालणाऱ्या म्हाताऱ्या बाबांकडे!

बाबा कडुलिंबाचा डहाळा घेऊन निघाले. रस्त्यानं चांद्याच्या महाकालीच्या यात्रेला आमच्या मुलखातली माणसं चालली होती. "सरका जी, तेलंगी बाईले मंतर पाह्यजे. मंत्रसानी, मंत्रसानी करून राह्यली," असं बाबा म्हणाले मात्र, घोळक्यातल्या एका बाईनं डोक्यावरचं गाठोडं खाली टाकलं. तिच्या गावी ती बाळंतपणंच करायची.

ती आत आली आणि माझ्याच भाषेत माझ्यावर खेकसली, "रडतेस काय? मी आलेय ना!" ते रागावणं मला आईच्या मायेसारखं वाटलं. हात धुऊन तिनं पोट चाचपलं. मूल पायाळू होतं. "मी सांगेन तेव्हाच जोर कर," एवढंच ती म्हणाली. तोवर मी मनात देवीशी भांडत होते, अटी घालत होते. ते सगळं सुटलं आणि मी स्वतःला तिच्या हातांत सोपवून टाकलं. पाय आले, अंग आलं, डोकं अडलं. तिनं हात घालून ते अलगद सोडवलं. मग माझी लेक रडली. बाहेरून बाबा ओरडले, "लागला ना माहा मंतर!" त्यांचं श्रेय मी आजवर नाकारलेलं नाही.

मला स्वच्छ करून, लेकीला माझ्या कुशीत देऊन ती बाई सोबतिणींना गाठायला निघून गेली. नाव विचारायचंही सुचलं नाही. पुढच्या चैत्रात लेकीला कडेवर घेऊन मी चांद्याला गेले, गर्दीत त्या बाईला खूप शोधलं. ती सापडली नाही. महाकालीसमोर उभी राहिले तर मागायचं काही आठवेना, नुसते डोळे वाहत होते. तेव्हापासून मी देवीला काय हवं, कसं हवं ते सांगत बसत नाही. फक्त हाक मारते. ती कुणाच्या कानी घालायची, ते तिचं तिला ठाऊक.