पानसे बाईंचा फुटलेला पेपर

पानसे बाईंच्या शाळेत ‘बिचारी’ हा शब्द उच्चारणाऱ्याला उंबऱ्याबाहेर जावं लागे. मग तो पुढारी असो, नाहीतर मुलाची सख्खी आत्या. “बाहेर जा, चपला घाला, पुन्हा काढा आणि नीट आत या,” बाई सांगायच्या. एक देणगीदार हातात लाडवांचा डबा घेऊन आत-बाहेर, आत-बाहेर करताना मी स्वतः पाहिलेत. शेवटी ते नुसतंच “नमस्कार” म्हणाले. “हं, आता बसा,” बाई म्हणाल्या. “लाडू कसले आहेत?”

शाळा शनिवार पेठेत, सरकारी. पाटीवर तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे ‘मतिमंद मुलांची शाळा’ असं लिहिलेलं. बाई तिथे मुख्याध्यापिका. सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. मुलं पळाली की मागे पळता यावं म्हणून. मी अपंगांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एका संघटनेत पत्रकं लिहायचे. मला राग फार यायचा. अजून येतो, आणि यायलाच हवा! हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, वर्तमानपत्रं ‘संगणकनगरी’ म्हणून नाचत होती, आणि ही शाळा एका गळक्या नळावर चालली होती. पहिल्याच भेटीत मी तावातावाने विचारलं, “बाई, एवढ्या मोठ्या शहरातली ही मुलं आहेत तरी कुठे?”

“चहा घे, क्रांतिकारक,” बाई म्हणाल्या. “मग माझ्याबरोबर चल.”

त्या मला नारायण पेठेतल्या एका सुशिक्षित घरी घेऊन गेल्या. दार गृहस्थांनी अर्धंच उघडलं.

“मुलं किती आपल्याला?” बाईंनी विचारलं.

“दोन. एक इंजिनिअरिंगला, एक बारावीला.”

“अस्सं. मग मागच्या खिडकीतून मला टाटा करतोय तो पाहुणा का?”

सोमवारी पाहुणा शाळेत हजर झाला.

पण असे पाहुणे थोडे. “पूर्वी माझ्या वर्गात सगळ्या पेठा होत्या,” बाई म्हणायच्या. “आता वर्धा, यवतमाळ, अमरावती. पेठांची मुलं खासगी शाळेत गेली, नाहीतर माळ्यावर.” हिंजवडीच्या इमारती बांधायला आणि राखायला जी माणसं विदर्भातून आली, त्यांची मुलं बाईंकडे. वैशाली त्यांतलीच. वडील एका सॉफ्टवेअर कंपनीच्या फाटकावर वॉचमन, बिऱ्हाड धायरीत. आई तिला दोन बस बदलून आणायची. एका नव्या शिक्षिकेने वैशालीचं ‘मले’ सुधारून ‘मला’ करायला घेतलं, तर बाई मधेच म्हणाल्या, “राहू दे गं. ‘मला’ म्हटल्यावर वाणी साखर जास्त घालतो का?”

साखर उगाच नाही आली. बाईंची वार्षिक परीक्षा गल्लीत भरायची. मुलाने एकट्याने दुकानात जायचं, सांगितलेली वस्तू मागायची आणि तीच घेऊन यायची. परीक्षक दुकानदार. त्यांना नियम असे की एकदा खेकसायचं आणि एकदा चुकीची वस्तू पुढे करायची. “खेकसायची तालीम आपल्या पेठेत कुणाला द्यावी लागत नाही,” बाई म्हणायच्या. किराणावाले जोगळेकर सगळ्यांत कडक. साखर मागितली की ते मीठ पुढे करत. बाई बाहेर लावलेल्या स्कूटरींच्या आड उभ्या राहून ऐकत.

एका वर्षी परीक्षेच्या तोंडावर वरच्या कार्यालयातून निरोप आला. या शाळेचा निकाल काही दिसत नाही, आणि भर वस्तीतली इमारत मात्र अडून बसली आहे. तिथे संगणक प्रशिक्षण केंद्र करायचं घाटतंय. शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला जाईल. साहेब येतील, निकाल बघतील, मग ठरेल. मी त्याच दिवशी ‘जागा लाटणाऱ्यांनो, जबाब द्या!’ असं पत्रक लिहून काढलं. वैशालीची आई एवढंच म्हणाली, “तिसरी बस आमच्यानं होत नाही, बाई. मंग पोरीले घरीच ठेवू.”

परीक्षेच्या दिवशी साहेब आले आणि दारातच “बिचारी!” म्हणाले. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा साहेब उंबऱ्याबाहेर चपला घालत होते.

मुलं गल्लीत गेली आणि बघता बघता परत आली. प्रत्येकाच्या हातात बरोबर वस्तू! वैशालीने तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं, तरी हातात साखर आणि वर चॉकलेट. शाळा जाणार ही बातमी गल्लीभर झाली होती आणि समस्त दुकानदारांनी चांगलं वागायचं ठरवलं होतं. ज्या जोगळेकरांनी कुणाला ‘या’ म्हटल्याचं पेठेला आठवत नव्हतं, ते गल्ल्यावरून उठून दारात आले होते. “ये बाळ, दमलीस का? ऊन लागलं का?”

“बाई, शंभर टक्के!” साहेब खूश. वैशालीची आई पळत जाऊन पेढे घेऊन आली.

बाईंचा चेहरा मात्र उतरला होता. “पेपर फुटलाय,” त्या म्हणाल्या.

“कसा काय?”

“जोगळेकर गोड बोलले. परीक्षा रद्द. उद्या पुन्हा.”

मी त्यांना कोपऱ्यात ओढलं. “बाई, आधी शाळा वाचवा! हे लोक जागा हिसकावताहेत आणि तुम्ही—”

“तू पत्रकात खोटं छापतेस का?”

“मुळीच नाही.”

“मग मला का छापायला सांगतेस?”

वैशालीची आई रडकुंडीला आली. “पास केलं अन् आता रद्द काऊन करता, बाई? पेढे वाटले न मी!”

“पेढे असू देत गं. पण वैशाली कुठे पास झाली? पास जोगळेकर झाले.”

मग बाई दुकानादुकानांत शिरल्या. “माझ्या मुलांना तुम्ही भीक घातलीत,” त्यांनी सुनावलं. “उद्या नेहमीसारखे वागा.”

“अहो, पण लाज वाटते हो आता खेकसायला,” जोगळेकर म्हणाले.

“आजवर नाही वाटली ती?”

दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं नापास झाली. वैशाली मिठाची पुडी छातीशी धरून परत आली. बाईंनी साहेबांच्या देखत सांगितलं, “नापास.” साहेबांनी निवलेला चहा संपवला. मग म्हणाले, “स्वतःच्याच शाळेचा निकाल पाडणारी मुख्याध्यापिका मी प्रथमच पाहतोय. पुढच्या वर्षी येतो. तोवर राहू दे इथेच.” (आमचा मोर्चा तरीही निघाला. साहेबांच्या चांगुलपणावर शाळा चालू नयेत, हे माझं मत आजही कायम आहे.)

ते वर्षभर बाई रोज वर्गात जोगळेकर व्हायच्या. टेबलाला गल्ला करून त्या वैशालीवर अशा काही खेकसायच्या की बाहेरचा शिपाई दचकायचा. सुरुवातीला वैशाली रडायची. मग रुसायला लागली. ती पहिल्यांदा चिडली त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना चहा पाजला.

पुढची परीक्षा ही बाईंची शेवटची. महिनाअखेर त्या निवृत्त व्हायच्या होत्या. साहेब आले, आणि आम्ही सगळे स्कूटरींच्या आड उभे राहिलो. जोगळेकरांनी पुडी पुढे केली. वैशालीने तीत बोट बुडवून जिभेला लावलं.

“हे मीठ होय. मले साखर पायजे.”

“पांढरंच आहे ना? ने गुपचूप!”

“मंग तुम्हीच टाका तुमच्या चहात!”

जोगळेकरांचा चेहरा पडला, आणि या खेपेला ते नाटक नव्हतं. त्यांनी मुकाट्याने साखर तोलली. शाळा हलवायचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही. पण ते आम्हाला कळलं नंतर. त्या क्षणी साहेब एवढंच पुटपुटले, “मुलगी उद्धट आहे हो, बाई.”

“आहे ना?” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “झाली पुणेकर.”